युद्धाच्या मोजदादीत न येणारी बाळंतीण

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : युद्धग्रस्त भागांतील माता आणि बालके यांच्या आरोग्याविषयीच्या बातम्या

परदेशांत चाललेल्या युद्धांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमाने येतात आणि मी त्या तितक्याच नियमाने वाचते. कोणत्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती, कोणत्या शहराला वेढा पडला, कोणता पूल उडाला, हे सारे नकाशासह समजते. नाशिककरांना त्यात रस असणे स्वाभाविकच आहे. ओझरला लढाऊ विमाने बांधली जातात आणि देवळालीच्या तोफांच्या सरावाचा आवाज आमच्या लहानपणापासून कानांवर आहे. परंतु आधी सहायक परिचारिका प्रसाविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून चौतीस वर्षे या जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत बाळंतपणे केल्यामुळे असेल, मला त्या नकाशात एक गोष्ट सापडत नाही. वेढा पडलेल्या त्या शहरात काल रात्री ज्या बायकांना कळा सुरू झाल्या, त्या कुठे गेल्या? कोणता पक्ष बरोबर आणि कोणता चूक, हा या पत्राचा विषय नाही. त्या बायकांच्या मृत्यूची नोंद युद्धाच्या खात्यावर होत नाही, आणि नोंद होत नाही म्हणून त्यावरचा उपायही मागे पडतो, एवढेच मला मांडायचे आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांनी एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे दगावल्या, आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू युद्धाने किंवा अस्थिरतेने ग्रासलेल्या देशांत झाले. या बायकांच्या अंगावर बहुधा गोळीची जखम नव्हती. रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेले मूल आणि असुरक्षित गर्भपात ही मातामृत्यूची कारणे जगभर सारखीच आहेत आणि आमच्या प्रशिक्षणात ती पाठ करून घेतली जात असत. युद्ध नवा रोग आणत नाही. ते रस्ता, वीज, औषध आणि सुईण या चार गोष्टी काढून घेते, आणि मग जुनाच रोग मोकाट सुटतो.

हे कसे घडते ते सांगण्यासाठी मला युद्ध नसलेल्या एका रात्रीकडे जावे लागेल. १९८० च्या दशकात सुरगाणा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नवीन होते. श्रावणातला पाऊस लागून राहिला होता, चार दिवस वीज नव्हती आणि नाल्याला पूर आल्याने पाड्याचा रस्ता तुटलेला होता. घरी बाळंत झालेल्या एका बाईची वार पडेना आणि रक्त थांबेना, म्हणून मला बोलावणे आले. मी कंदिलाच्या उजेडात तिचे पोट चोळले आणि पिशवीतले रक्त थांबवण्याचे इंजेक्शन दिले, जे त्या काळी मेथर्जिन असे. ते थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचे औषध; चार दिवस उबदार कपाटात राहिलेल्या त्या कुपीत कितपत गुण उरला होता, हे मला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. पहाटे पाणी उतरल्यावर माणसांनी तिला डोलीत घातले, पण तोवर उशीर झाला होता. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो आणि आम्ही सहा तास थांबलो होतो. त्यात कोणा एकाचा दोष होता असे मला वाटत नाही. आमच्याकडचा नाला निदान सकाळी उतरला. युद्धग्रस्त भागात तो वर्षानुवर्षे उतरत नाही.

आज मेथर्जिनची जागा बहुतेक ठिकाणी ऑक्सिटोसिनने घेतली आहे. ते अधिक सुरक्षित असले, तरी त्यालाही २ ते ८ अंश सेल्सियस तापमान लागते. रुग्णालयाच्या जनरेटरचे इंधन संपले की पहिली चर्चा शस्त्रक्रियागृहाच्या दिव्यांची होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु त्याच वेळी कोपऱ्यातला औषधांचा फ्रिजही बंद पडलेला असतो. उन्हात राहिलेली ऑक्सिटोसिनची कुपी दिसायला ताज्या कुपीसारखीच स्वच्छ असते. परिचारिका इंजेक्शन देते, नोंदवहीत तसे लिहिते, आणि रक्त मात्र थांबत नाही. उद्या त्या मृत्यूची चौकशी झालीच, तर औषध दिले होते असेच कागद सांगेल.

यावर उपाय नाहीत असे नाही. रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. त्याच कामाच्या, उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवले. आणि सर्वांत स्वस्त उपाय आपल्या शेजारच्या बांगलादेशातला आहे : डॉ. सायेबा अख्तर यांनी रबरी नळीला साधा कंडोम बांधून, तो गर्भाशयात सलाइनने फुगवून आतून दाब देण्याची पद्धत रूढ केली. हे सारे एका पिशवीत मावते. प्रश्न असतो तो ती पिशवी चौकीपलीकडे जाऊ देण्याचा आणि ती वापरणारे शिकलेले हात शाबूत असण्याचा.

चौकीचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. बाळंतीण उशिरामुळे का दगावते, याचे तीन विलंब आम्हाला शिकवले जात : निघण्याचा निर्णय घेण्यातला, वाटेतला आणि दवाखान्यात पोहोचल्यानंतरचा. शांततेच्या काळात पहिला विलंब सासूबाईंचा आणि पैशांचा असतो. युद्धात रात्रीच्या संचारबंदीत दार उघडायचे की नाही, हाच निर्णय होऊन बसतो. वाटेतल्या विलंबात ओळखपत्र तपासणारा विशीतला मुलगा उभा असतो, ज्याला कळा म्हणजे काय हे ठाऊक नसते. पॅलेस्टिनी भागांत तपासणी चौक्यांवरच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहेत.

तिसऱ्या विलंबात तर दवाखानाच जागेवर नसतो. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे सोळावे कलम गर्भवतींना विशेष संरक्षण देते, अठरावे कलम बाळंतिणींची सोय करणाऱ्या नागरी रुग्णालयावर कोणत्याही परिस्थितीत हल्ला करण्यास मनाई करते, आणि तेविसावे कलम गर्भवती, बाळंतिणी आणि पंधरा वर्षांखालील मुले यांच्यासाठीचे अन्न, कपडे व शक्तिवर्धक औषधे शत्रुपक्षाच्या हद्दीतही जाऊ देण्यास सांगते. भारताने या करारांसाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदाही केला. कायद्याची उणीव नाही, एवढे सांगून मी पुढे जाते. कारण १२ मे २०२० रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची रुग्णालयाच्या प्रसूती विभागात बंदूकधारी शिरले आणि त्यांनी खाटांवरच्या मातांना वेचून मारले. मेलेल्यांत १६ माता होत्या. ९ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील मारिउपोल शहराच्या प्रसूती रुग्णालयावर बॉम्ब पडला आणि स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या जखमी गर्भवतीचे छायाचित्र जगभर छापले गेले. ती आणि तिचे बाळ दोघेही वाचले नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस सुदानमधील अल-फाशर शहरातल्या सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि त्यांचे सोबती मिळून ४६० हून अधिक माणसे मारली गेल्याचे वृत्त जागतिक आरोग्य संघटनेने दिले.

मला यातले काबूलचे उदाहरण पुढे न्यावेसे वाटते, कारण बातमी जिथे संपते तिथे हानी सुरू होते. त्या विभागात आदल्या वर्षी सुमारे १६ हजार बाळंतपणे झाली होती. हल्ल्यानंतर सुमारे महिनाभराने तो चालवणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने तेथून काढता पाय घेतला, आणि तिला दोष देणे मला जमणार नाही. परंतु पुढच्या वर्षीही त्या वस्तीत तितक्याच बायका बाळंत व्हायच्या होत्या. त्या दिवशीच्या मृतांचा आकडा इतिहासात राहील. ती खोली बंद झाल्यामुळे पुढच्या वर्षभरात किती माता आणि बाळे गेली, हा आकडा कोणत्याही वृत्तपत्रात येणार नाही.

अफगाणिस्तानाचेच आणखी एक. २००२ च्या सुमारास तेथे दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता दगावत असल्याचा अंदाज होता. गावोगावच्या मुलींना सुईणीचे शास्त्रीय शिक्षण देऊन त्यांच्याच भागात नेमण्याचा मोठा कार्यक्रम त्यानंतर राबवला गेला. २०२० साठीच्या अंदाजात हे प्रमाण ६२० पर्यंत उतरले होते. दोन्ही अंदाजांच्या पद्धती वेगळ्या आहेत हे मान्य करूनही उतार खरा आहे, आणि तो लढाई चालू असताना झालेला आहे. मग डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानी राजवटीने मुलींना परिचर्या आणि प्रसाविका शिक्षणाची दारे बंद केली. जिथे पुरुष डॉक्टरने बाईला तपासणे समाजाला चालत नाही, तिथे हा आदेश म्हणजे येत्या दहा वर्षांच्या बाळंतपणांवर घातलेला घाव आहे. बॉम्ब पडल्याचा आवाज तरी होतो.

विस्थापितांच्या छावण्यांकडे वळते. कोणत्याही विस्थापित लोकसंख्येत एका वेळी साधारण चार टक्के स्त्रिया गरोदर असतात आणि गरोदर स्त्रियांपैकी सुमारे पंधरा टक्क्यांना गंभीर गुंतागुंत होते, असा मदतकार्यातला ठोकताळा आहे. एक लाखाची छावणी धरली तर चार हजार गरोदर स्त्रिया आणि त्यांतल्या सहाशे जणींना डॉक्टरची, रक्ताची किंवा शस्त्रक्रियेची गरज. आपल्याच देशात मे २०२३ पासून मणिपूरमध्ये सुमारे ६० हजार लोक विस्थापित झाले. याच सूत्राने मोजले तर दोन हजारांहून अधिक गरोदर स्त्रिया घर सोडून शाळांच्या आणि सभागृहांच्या फरशीवर आल्या असाव्यात. सिंहस्थासाठी साधुग्राम उभे करणाऱ्या आपल्या शहराला तात्पुरते शहर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पाणी, शौचालये, दिवे यांचा हिशेब आपण आधी करतो. छावणीच्या हिशेबात बाळंतपणाची खोली मात्र पुष्कळदा तंबू, धान्य आणि पांघरुणे झाल्यावर आठवते. पहिल्या दिवसापासून काय हवे याची एक किमान यादी आंतरराष्ट्रीय संस्थांनी १९९० च्या दशकातच तयार केली आणि तीत अगदी शेवटच्या पर्यायाचाही विचार आहे : दवाखाना गाठता येणारच नसेल तर गर्भवतीच्या हाती द्यायची स्वच्छ प्रसूतीची पुडी, जिच्यात प्लास्टिकचा कागद, साबण, हातमोजे, नवे पाते आणि नाळ बांधायचे दोरे असतात. आमच्या उपकेंद्राच्या पेटीत याहून फार वेगळे काही नव्हते.

आता दुधाच्या भुकटीविषयी, कारण तिथे नाशिककराचा थेट संबंध येतो. कोणत्याही आपत्तीत चांगल्या मनाची माणसे डबे गोळा करतात आणि त्यात लहान बाळांचे दूध असतेच. शहरातल्या एका मंडळाच्या मदत-संकलनाला मी गेले होते, तिथे असे खोके रचलेले पाहून मी हरकत घेतली आणि मला 'तुम्हाला दानाचेही वावडे' असे ऐकावे लागले. हे वावडे का, ते लिहिते. बाटलीच्या दुधाला उकळलेले पाणी, इंधन आणि धुतलेली बाटली लागते, आणि छावणीत नेमक्या याच तीन गोष्टी नसतात. २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता भागात भूकंप झाला. युद्ध नव्हते, पण परिस्थिती तशीच होती. तेथे दान म्हणून दुधाची भुकटी मिळालेल्या बालकांत जुलाबाचे प्रमाण ती न मिळालेल्या बालकांच्या दुपटीहून अधिक निघाले. म्हणूनच आपत्कालीन बालपोषणाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना भुकटीचे दान मागू नये आणि स्वीकारू नये असे सांगतात, आणि आपल्या देशातही १९९२ पासून या भुकटीच्या जाहिरातीवर आणि फुकट वाटपावर कायद्याचे निर्बंध आहेत. ज्या बाळाची आई गेली आहे किंवा ज्याला अंगावरचे दूध खरोखरच मिळू शकत नाही, त्याला भुकटी लागते. ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली, पाण्याच्या आणि भांड्याच्या सोयीसह द्यावी लागते. सरसकट वाटप ही गोष्ट वेगळी.

'भीतीने आईचा पान्हा आटला' हे वाक्य प्रत्येक छावणीत ऐकू येते. भीतीने दूध तयार होणे थांबत नाही, बाहेर येणे लांबते. पान्हा फोडणारे संप्रेरक ऑक्सिटोसिनच आहे, ज्याच्या कुपीची गोष्ट वर आली, आणि ते भीतीने रोखले जाते. आईला आडोशाची जागा, शांत सोबत, पोटभर अन्न व पाणी मिळाले आणि बाळ पुन्हा पुन्हा अंगाशी लावले, तर बहुतेक वेळा दूध येते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सुइणी बाळंतिणीला कोपऱ्यात पडदा लावून का बसवत, याचा अर्थ मला नोकरीच्या उत्तरार्धात कळला. छावणीत हाच पडदा एका तंबूएवढ्या खर्चात लावता येतो. काचपेटी बंद पडलेल्या ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धतही अशाच टंचाईतून, १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे रुजली. तिच्यावर सारे भागते असे मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील अल-शिफा रुग्णालयातून ३१ अपुऱ्या दिवसांची बाळे हलवावी लागली, तेव्हा त्यांतल्या अनेकांजवळ आई नव्हती.

गर्भातल्या उपासमारीची छाप किती लांब जाते हेही युद्धानेच शिकवले आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची रसद तोडली तेव्हा माणशी दैनंदिन शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके पाठपुरावा झाला. शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्या मातांची बाळे कमी वजनाची जन्मली, तर गर्भारपणाच्या सुरुवातीला उपासमार सोसलेल्या मातांच्या मुलांत मोठेपणी हृदयविकाराचे आणि लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ अधिकृतपणे घोषित झाला. त्याआधी वर्षभर सुदानमधील झमझम छावणीत तो घोषित झालेला होता. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांचे प्रौढ आयुष्य अजून सुरूही झालेले नाही.

लढाई थांबल्याशिवाय यातले काहीच करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. १९८५ मध्ये एल साल्व्हाडोरमध्ये यादवी ऐन भरात असताना युनिसेफ आणि चर्च यांच्या मध्यस्थीने दोन्ही पक्षांनी लसीकरणासाठी ठरावीक दिवशी शस्त्रे खाली ठेवली. पुढे इतर देशांतही असे 'शांततेचे दिवस' पाळले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये गाझात, पंचवीस वर्षांनी पोलिओचा पहिला रुग्ण सापडल्यावर, लढाईत ठरावीक तासांचे खंड पाडून पाच लाखांहून अधिक मुलांना डोस पाजले गेले. पोलिओच्या दोन थेंबांसाठी जे तास मिळू शकतात, ते बाळंतिणीच्या रुग्णवाहिकेसाठी का मागितले जात नाहीत? माझ्या मते एक कारण असे की पोलिओ सीमा ओलांडतो आणि रक्तस्राव ओलांडत नाही.

आपल्या राज्याला या बाबतीत बाहेरून शिकण्याइतकेच सांगण्यासारखेही आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. गडचिरोली जिल्हा तर कित्येक दशके नक्षल हिंसाचाराच्या छायेत होता. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले, आणि १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत केलेल्या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या ३९ गावांत रोज चकमकी होत होत्या असे मी म्हणत नाही. डॉक्टर पोहोचत नाही तिथे गावातली शिकलेली बाई पोहोचते, एवढा धडा मात्र लढाईच्या प्रदेशाला जसाच्या तसा लागू पडतो. आज दारी येणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या नवजात भेटींचे मूळ तिथे आहे. आदिवासी भागातल्या गर्भवतीने तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे यासाठी सुरू झालेली 'माहेरघर' योजनाही वाटेतला विलंब आधीच कापून टाकण्याचा साधा मार्ग आहे. इगतपुरी आणि पेठच्या पाड्यांतून गर्भवतीला डोलीतून आणल्याच्या बातम्या आपणच अजून छापता, तेव्हा याची गरज आपल्याकडेही संपलेली नाही.

दोन विनंत्या करते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे आणि राज्यभरातल्या परिचर्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम तेथून चालतात. आपत्तीत आणि विस्थापितांच्या छावणीत बाळंतपण कसे करावे, औषधे थंड ठेवणारी शीतसाखळी तुटल्यावर कोणते औषध वापरावे, भुकटीचे दान कसे नाकारावे, यांना त्या अभ्यासक्रमात अधिक ठळक आणि प्रात्यक्षिकासह स्थान मिळावे, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा. दुसरी विनंती आपल्याच वृत्तसंपादकांना आहे. युद्धाची बातमी देताना मृतांच्या आकड्यानंतर एक ओळ वाढवावी : त्या शहरातली किती प्रसूतिगृहे चालू आहेत, त्यांना वीज आहे का, आणि रात्री तिथवर जाता येते का. बहुतेक वेळा ही माहिती संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अहवालांत मिळते. ती शोधणारा वार्ताहर तेवढा लागेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
पंचवटी, नाशिक